चवथीच्या साफसफाईत निघालेल्या जुन्या गोळ्या कमोडमध्ये टाकू नका, मग करायचं काय?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की कपाटं रिकामी होतात आणि प्रत्येक घरात तो एक बिस्किटांचा डबा निघतोच, अर्ध्या स्ट्रिपा, चिकट झालेलं सिरप, कुणाच्यातरी बीपीच्या गोळ्या. मी कैक वर्षं हे सगळं कमोडमध्ये टाकून फ्लश मारायचो, पोरांच्या हाती लागण्यापेक्षा बरं म्हणून.

पण गोव्यातल्या बऱ्याच गावांत सिवरेज लाइन कुठाय, सोकपिट म्हणजे शोषखड्डा आहे, खाली भोकाभोकांचा जांभा, पावसात सगळं झिरपत बांयीत (विहिरीत) नाहीतर व्हाळात (ओढ्यात), तिथून साळ नाहीतर झुआरी नदीत. आणि सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असला तरी तो मैल्यासाठी बांधलेला, औषधं त्यातून पूर्ण निघत नाहीत.

माशांना एवढ्याशाने काय होतंय असं वाटत असेल तर ऐका, कॅनडात 2001 ते 2003 एका तळ्यात मुद्दाम गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन सोडलं, लिटरला फक्त 5-6 नॅनोग्रॅम, तर नर माशांच्या वृषणात अंडी दिसायला लागली आणि एक छोटी मासळी त्या तळ्यातून जवळजवळ संपली. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध, ज्याने आपली गिधाडं संपवली, ते माशांच्या कल्ल्यांना आणि किडनीलाही त्रास देतं.

तर आधी डबा उपडा करा, एक्सपायर झालेलं वेगळं. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या पण स्ट्रिप कात्रीने कापा, नाहीतर कोणीतरी परत विकेल. सिरप बेसिनमध्ये ओतू नका, झाकण घट्ट लावून बाटलीसकट ठेवा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत. इन्हेलर फोडू नका, आणि झावळांबरोबर परसात जाळायचं तर नावच नको. हे सगळं एका पिशवीत घालून वर 'जुनी औषधं' लिहा आणि पंचायतीच्या गाडीला सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळं द्या, नियमाने हा वेगळाच द्यायचा कचरा आहे. गाडीवाला नको म्हणाला तर पंचायतीत जाऊन विचारा, फार्मसीतही विचारून बघा. कुठेच घेत नसतील तरच गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी बांधून कचऱ्यात, हा नाइलाज झाला, उपाय नव्हे.

एक अपवाद. 2025 मध्ये सीडीएससीओने, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने, 17 औषधांची यादी काढली, फेंटानिल, ट्रामाडोल ही जबर वेदनाशामकं, डायझेपाम हे गुंगीचं औषध वगैरे, ती मात्र फ्लशच करायला सांगितलीत कारण चुकून कुणी घेतली तर जीव जाऊ शकतो. मला हे अर्धंच पटतं, कारण डायझेपामच्याच जातीतल्या औषधाने स्वीडनमधल्या प्रयोगात मासे धीट होऊन कळप सोडायला लागले होते, पण घरात लहान पोर असेल तर मीही फ्लशच करीन.

आणि गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल लावता ना, त्यातलं अंगात मुरतं थोडंच, बाकी हाताला आणि कातडीवर. चोळून झालं की हात लगेच नळाखाली धरू नका, आधी जुन्या पेपराला पुसा, पेपर कचऱ्यात टाका, मग धुवा.