उदबत्तीनं सापडवली गळती

माझ्या दोन फोल्डेड हॉर्न बेसपैकी (आत घडी घातलेला भोंगा असलेल्या बेसच्या स्पीकर-पेट्या) एक छातीत धडधडायचा, दुसरा नुसता फुसफुसायचा. दोन्ही घरीच बनवलेले, इथं सोलापुरात: १८ मिमी प्लाय, १८ इंची ड्रायव्हर (पेटीतला मूळ स्पीकर), आतली घडीची वाट साधारण २.१५ मीटर. ४० हर्ट्झची आवाजाची लाट ८.६ मीटर लांब असते, ही वाट तिचा चौथा भाग.

आधी ड्रायव्हरवर संशय घेतला. अदलाबदल केली, तरी रडगाणं त्याच पेटीचं. दीड व्होल्टचा सेल टेकवून बघितला, दोन्ही कोन (ड्रायव्हरचे हलणारे पडदे) बाहेरच आले. म्हणजे पोलॅरिटी, तारांचं अधिक-उणे, तेही ठीक.

शेजारचे आण्णा, जुने सुतार. म्हणाले, "वारा निसटतोय बघ कुठनं तरी."

उदबत्ती पेटवली, ३५ हर्ट्झचा टोन बारीक लावला आणि एकेका जोडावरून धूर फिरवला. मागच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात सरळ जाणारा धूर एकदम थरथरायला लागला. तिथं फोमच्या पट्टीत बोटभर जागा मीच सोडलेली! मागचा कप्पा हवाबंद नसला की कोनाला आवरणारी हवेची स्प्रिंगच जाते.

अखंड पट्टी लावली, तारेच्या भोकात सिलिकॉन भरलं, स्क्रू दर १० सेंमीवर. फुसफुस बंद.

साउंड प्रोसेसरवर ३८ हर्ट्झला हायपासही लावला, म्हणजे त्याखालचे आवाज अडवणारा फिल्टर. त्याखाली हॉर्नमधल्या हवेचा भार कोनावर येत नाही, कोन मोकाट नाचतो. हे उशिरा कळलं, एका रिकोनिंगचा (फाटका कोन बदलण्याचा) खर्च अंगावर पडल्यावर. आता पेट्या खेटून ठेवतो, दोघांचं मिळून मोठं तोंड होतं आणि खालचा बेस भरतो. गड्ड्याच्या यात्रेआधी आणखी दोन करायच्यात, प्लाय आणून ठेवलाय.