पत्ता एकच काढायचा: अस्वस्थ मनासाठी टॅरो

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्यांना ऑफिसातून परतताना लोकलच्या दारात उभ्याउभ्या रोज पटते, त्यांच्यासाठी हा सराव आहे. टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, पण इथे उद्या काय होणार हे त्यांना विचारायचं नाही. हातांना पिसण्याचं काम द्यायचं, भिरभिरणाऱ्या नजरेला बसायला एक चित्र द्यायचं आणि डोक्यात फिरणारं वाक्य कागदावर उतरवायचं, इतकंच. वेळ बारा-पंधरा मिनिटं. सामान म्हणजे पत्ते, एक सुती रुमाल, वही, पेन्सिल आणि भिंतीवरचं घड्याळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत. वन रूम किचन असेल तर ओट्यावर, उपडा.

कॅट कोणता घ्यायचा

टॅरोचे पत्ते ७८. त्यातले २२ मोठे, म्हणजे मेजर अर्काना, आणि ५६ छोटे. छोट्यांचे चार रंग: वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), सोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी). आपल्या किलवर, बदाम, इस्पिक, चौकटचे हे भाऊबंदच, फक्त गुलामाच्या जागी इथे नाइट (घोडेस्वार) आणि पेज (सेवक) असे दोघे आहेत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे निव्वळ खेळायचे पत्ते होते. भविष्य त्यांना चिकटलं ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. एवढं माहीत असलं की पत्त्यांचा दरारा बराच ओसरतो.

आपल्या कामाला १९०९ सालचा रायडर-वेट कॅट किंवा त्यावरून बेतलेला कुठलाही चालेल. पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यात छोट्या पत्त्यांवरही माणसं आणि प्रसंग काढले. मार्सेय पद्धतीच्या, म्हणजे जुन्या फ्रेंच धाटणीच्या कॅटात सहा तलवारी म्हणजे नक्षीत मांडलेल्या सहा तलवारीच. तिथे नजर दोन सेकंदांत घसरते. त्यामुळे विकत घेण्याआधी एक छोटा पत्ता पाहा. चित्रात कुणी काही करताना दिसतंय का? चेहरे फिसकटलेली स्वस्त छपाई टाळा. इथे सगळी भिस्त बारकाव्यांवर आहे.

आधीची निवड

पहिल्या दिवशी काहीच काढायचं नाही. सगळे पत्ते चित्र वर करून पाहायचे आणि ज्यांनी पोटात गोळा येतो ते बाजूला ठेवायचे. बहुतेकांचे ठरलेले असतात: डेथ, टॉवर, डेव्हिल, थ्री ऑफ सोर्ड्स, टेन ऑफ सोर्ड्स. नाइन ऑफ सोर्ड्स तर हमखास, कारण त्यात रात्री अंथरुणात उठून तोंड हातांत लपवून बसलेली बाईच आहे. हे पत्ते कायमचे हद्दपार करू नका, नाहीतर त्यांचा बागुलबुवा होतो. आठवडाभराने त्यातला एक उजेडात, चहा घेताना पाहा. डेथमध्ये मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, टेन ऑफ सोर्ड्समध्ये काळ्या आभाळाखाली क्षितिजाशी पिवळा उजेड आहे. हे स्वतःच्या डोळ्यांना सापडलं की तो पत्ता परत कॅटात घाला.

मन फारच थाऱ्यावर नसेल त्या दिवसांसाठी २० पत्त्यांचा छोटा कॅट वेगळा काढून ठेवा. स्टार, टेम्परन्स, हर्मिट, स्ट्रेंग्थ, फोर ऑफ सोर्ड्स, सिक्स ऑफ सोर्ड्स यांपासून सुरुवात करा, बाकीचे आपल्या डोळ्यांना आवडतील ते.

रोजचा क्रम

वेळ घरी आल्यावर हातपाय धुऊन, जेवणाआधीची. अंथरुणात नको, तिथे पत्ता बघता बघता विचारांची गिरणी सुरू होते आणि झोप जाते. शेजारच्या टीव्हीची मालिका, कुकरच्या शिट्ट्या चालू राहू द्या. शांततेची वाट बघत बसलात तर मुंबईत हा सराव कधीच होणार नाही.

तळपाय जमिनीला टेकवून बसा आणि दोन मिनिटं सावकाश पिसा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की धडधड उतरायला मदत होते. चार-सहाने दम लागत असेल तर तीन-चार ठेवा. हे पत्ते साधारण ७ बाय १२ सेंटिमीटरचे, रमीच्या पत्त्यांपेक्षा मोठे, म्हणून आडवे धरून पिसायचे. हातात मावत नसतील तर रुमालावर पालथे पसरून दोन्ही तळव्यांनी भात कालवल्यासारखे फिरवा. नंतर कॅट एकदा काटा आणि वरचा एक पत्ता उलटा. चित्र डोक्यावर आलं तर सरळ करा, उलट्या पत्त्याचे वेगळे अर्थ आपल्याला नकोत.

आता तीन मिनिटं नुसतं बघायचं. अर्थाचं पुस्तक बंद. दिसतं ते हळू आवाजात मोजत दहा गोष्टींपर्यंत जा. सिक्स ऑफ सोर्ड्स घ्या: होडी, पाठमोरा नावाडी, हातात लांब काठी, डोक्यावरून पांघरलेली बाई, शेजारी मूल, पुढे रोवलेल्या सहा तलवारी, होडीच्या एका बाजूला खळबळतं पाणी, दुसऱ्या बाजूला संथ. पाच-सहा गोष्टींनंतर ‘झालं सगळं’ असं वाटतं. तिथे थांबू नका. सातवीपासून पुढे शोधावं लागतं, आणि शोधणारं मन तेवढा वेळ काळजी करत नाही.

मग वहीत तीन ओळी. चित्रात काय दिसलं. आत्ता शरीरात कुठे ताण आहे. आज रात्री करता येण्याजोगं एक छोटं काम, जसं उद्याचा डबा ठरवणं किंवा एक राहिलेला फोन. ‘नोकरी टिकेल का’ असा प्रश्न मनात आला तर तो ‘त्या मीटिंगसाठी आज काय तयार ठेवता येईल’ असा बदलून लिहा. पत्ता कॅटात परत, कॅट रुमालात.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त फसतं ते दुसरा पत्ता काढताना. पहिला आवडला नाही म्हणून दुसरा, तो कळला नाही म्हणून तिसरा. कुलूप लागलं का हे पुन्हा पुन्हा ओढून बघण्यासारखंच हे. क्षणभर बरं वाटतं, शंका परत येते आणि दर वेळी ती जास्त खात्री मागते. टॅरोची अ‍ॅप्स म्हणूनच नकोत, तिथे दुसरा पत्ता एका टिचकीवर असतो. हात शिवशिवत असेल तर कॅट कपाटात ठेवून भांडी घासायला घ्या.

दुसरा घोळ ‘तोच पत्ता पुन्हा आला’ याचा. त्यात संकेत नाही, गणित आहे. रोज एक पत्ता काढून परत ठेवला, तर २० पत्त्यांच्या कॅटात सात दिवसांत एखादा पत्ता पुन्हा येण्याची शक्यता जवळपास ७० टक्के असते. पूर्ण ७८ पत्त्यांतही ती २४ टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय पावसाळ्यात पत्ते दमट होऊन जोडीने चिकटतात, मग नीट पिसलेच जात नाहीत.

छातीत धडधड, हातांना घाम, श्वास अडकल्यासारखा, असं होत असेल तर पत्त्यांना हात लावू नका. बारीक चित्र बघण्याची ती वेळ नाही. पाय जमिनीवर दाबा, गार पाण्याने तोंड धुवा, लांब श्वास सोडा. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर. झोप, भूक, कामावर जाणं दोन आठवडे बिघडलेलं असेल तरी या सरावावर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. चालू गोळ्या पत्ता बघून बंद करणं तर मुळीच नको.

लोकलमध्ये कॅट बाहेर काढू नका. गर्दीत एखादा पत्ता पडतो, किंवा शेजारी म्हणतो, ‘आमचंही बघा ना जरा.’ त्याऐवजी सकाळी एकच पत्ता नीट पाहून निघा आणि दादर ते ठाणे तो डोळे मिटून आठवा: नावाड्याच्या हातात काय होतं, मूल कुठल्या बाजूला होतं. विसरलेली जागा घरी आल्यावर पत्ता काढून तपासा.