गुलमर्गच्या बर्फात पोहण्याचा सराव असा टिकवला

मी परतवाड्याजवळच्या खेड्यात राहतो. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी सुरू होती : दीड किमी पोहणे, 40 किमी सायकल, 10 किमी धावणे. पोहायला शेतातली विहीर, सायकलला चिखलदऱ्याचा घाट. अशात फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरलं. तिथे ना विहीर, ना सायकल.

पायांची चिंता मी केली नाही. दिवसभर गुडघे वाकवून घसरलं की मांड्या भरून येतात. त्यावर जोरात धावणं म्हणजे दुखापतीला आवतण. शिवाय गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, सुरुवातीला नुसतं चालतानाही दम लागतो. पहिले दोन दिवस काहीच केलं नाही. नंतर संध्याकाळी थोडं हळू पळायचो, बस.

खरा प्रश्न पोहण्याचा. पाण्यावरची हाताची पकड लवकर जाते. सायकलची जुनी ट्यूब व्हॉल्व्हजवळ कापली, अंगणातल्या निंबाला मधोमध अडकवून ताण पाहून घेतला आणि बॅगेत टाकली. बाबा म्हणाले, "खांदे दुखवू नको रे बावा." तिथे ती व्हरांड्याच्या खांबाला लावायचो. कमरेतून वाकायचं, टोकं हातांत धरायची, कोपर उंच ठेवून तळवा मांडीपर्यंत ओढायचा. परत नेताना सावकाश. झटक्याने सोडली की खांद्यालाच मार बसतो. 20 ओढींचे 4 फेरे, मध्ये मिनिटभर विश्रांती.

परतल्यावर विहिरीत हात पूर्वीसारखेच चालले. घाट मात्र मांड्या मोकळ्या होईपर्यंत टाळला, तोवर अंजनगावचा सपाट रस्ता धरला.