विंडोज-लिनक्सच्या मिश्र ऑफिससाठी सांबाचा डोमेन कंट्रोलर : आधी डीएनएस नीट करा

वीस-तीस पीसी, त्यांतले काही विंडोजचे, काही उबुंटूचे, आणि प्रत्येकावर वेगळा पासवर्ड. सगळीकडे एकच लॉगिन चालवायचं तर महागडं सर्व्हर लायसन्स घ्यावंच लागतं असं नाही. सांबा हे लिनक्सला विंडोजच्या नेटवर्कशी जोडणारं मोफत सॉफ्टवेअर. डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४.० आलं, तेव्हापासून लिनक्सचं साधं मशीनही ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (यूजर आणि पीसी एका जागेवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, होऊ शकतं. ४ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्या ऑफिसला पुरते. यूपीएस मात्र हवाच.

खरेदीआधी एक पाहा : विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही. प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशनच लागते.

डोमेनचं नाव विचार करून ठेवा, कारण नंतर ते बदलणं म्हणजे जवळजवळ नव्याने उभारणी. 'ऑफिस.लोकल' असं नाव अजूनही सर्रास सुचवतात. ते घेऊ नका. 'डॉट लोकल' हे मॅकचं बोंजूर आणि लिनक्सचं अवाही या सर्व्हरविना नावं शोधणाऱ्या सेवांसाठी राखलेलं आहे. उबुंटूवर अशा नावाची चौकशी बहुधा डीएनएसपर्यंत (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेपर्यंत) पोचतच नाही. स्वतःच्या मालकीच्या डोमेनखाली 'एडी' जोडून नाव घ्या : एडी.आपलंनाव.इन.

सर्व्हरला स्थिर आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०. होस्ट्स फाइलमध्ये डेबियन आणि उबुंटू मशीनचं नाव १२७.०.१.१ ला बांधून ठेवतात; तिथे खरा आयपी लिहा. सांबा, विनबाइंड, केर्बेरॉसची (लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी पद्धत) साधनं आणि घड्याळ जुळवणारं क्रोनी बसवा. नव्या आवृत्त्यांत सांबा-एडी-डीसी हे पॅकेज वेगळं असतं, तेही घ्या. एसएमबीडी, एनएमबीडी आणि विनबाइंड या तिन्ही सेवा बंद करा, सांबाची जुनी सेटिंग फाइल एसएमबी.कॉन्फ बाजूला सरकवा, आणि डोमेन उभारणारी 'सांबा-टूल डोमेन प्रोव्हिजन' ही आज्ञा इंटरॲक्टिव्ह पद्धतीने चालवा. सोबत आरएफसी २३०७ चा (लिनक्सचे यूजर-क्रमांक डोमेनमध्ये साठवण्याचा) पर्याय द्या. डीएनएस बॅकएंड सांबाचाच ठेवा आणि फॉरवर्डर (बाहेरच्या नावांची चौकशी जिकडे पाठवायची तो) म्हणून राउटरचा किंवा सार्वजनिक डीएनएसचा पत्ता लिहा. तयार झालेली केर्बेरॉसची सेटिंग फाइल केआरबी५.कॉन्फ 'ईटीसी' फोल्डरमध्ये कॉपी करा.

आता डीएनएस. लोक अडकतात ते इथेच, आणि दोष मात्र सांबाला देतात.

उबुंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड (उबुंटूचं स्वतःचं नावं शोधणारं सॉफ्टवेअर) १२७.०.०.५३ वर डीएनएसचं ५३ नंबरचं पोर्ट धरून बसलेलं असतं. ते बंद करा, रिझॉल्व्ह.कॉन्फची लिंक काढा आणि त्या नावाची खरी फाइल बनवून तिच्यात सर्व्हरचा स्वतःचा आयपी लिहा. पॅकेजं आधी उतरवून घ्या. मधल्या वेळात इंटरनेटवरची नावं सापडणार नाहीत. मगच सांबा-एडी-डीसी सेवा सुरू करा.

आता पीसींची बाजू. डीएचसीपीतून (पीसींना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेतून) डीएनएस म्हणून फक्त १९२.१६८.१.१० द्या. दुसऱ्या रकान्यात 'असू द्या बॅकअपला' म्हणून ८.८.८.८ टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो. हा सल्ला साफ चुकीचा आहे. पहिल्या डीएनएसने उत्तराला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि बराच वेळ तिथेच राहतं. त्या बाहेरच्या सर्व्हरला तुमचं डोमेन ठाऊक नाही. तो 'असं नाव नाही' म्हणतो आणि पीसी तेच अंतिम उत्तर धरतो. मग फसवं चित्र दिसतं : आधी साठवलेल्या माहितीवर लॉगिन होतं, पण बदललेला पासवर्ड चालत नाही, ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लावलेली सेटिंगं) येत नाही, शेअर उघडत नाही. दुसरा डीएनएस द्यायचा असेल तर तो दुसरा डोमेन कंट्रोलरच हवा.

याहून लपलेला घोळ आयपीव्ही६ चा. फायबरचा राउटर डीएचसीपी बंद केल्यावरही आयपीव्ही६ वरून स्वतःला डीएनएस म्हणून जाहीर करत राहतो. पीसीवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा. डीएनएस सर्व्हरच्या यादीत 'एफई८०'ने सुरू होणारा पत्ता दिसला की चोर सापडला. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये ती जाहिरात बंद करा. तशी सोय नसेल तर राउटरच्या लॅनवरचं आयपीव्ही६ बंद करा; एकेका पीसीवर खूण काढत बसू नका.

पीसी जोडण्याआधी त्याच पीसीवरून 'एनएसलुकअप'ने एसआरव्ही रेकॉर्ड (कुठली सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी डीएनएसमधली नोंद) विचारा : अंडरस्कोर एलडॅप, डॉट, अंडरस्कोर टीसीपी, डॉट, तुमचं डोमेन. उत्तरात सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ३८९ आलं पाहिजे. येत नसेल तर जोडायचा प्रयत्नच करू नका.

घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक असला तर केर्बेरॉस लॉगिन नाकारतं. जुन्या असेंबल्ड पीसीची सीमॉस बॅटरी मेलेली असते, रोज सकाळी तारीख मागे जाते. सीआर २०३२ सेल बदला.

विंडोज जोडताना डोमेनचं पूर्ण नाव टाका. उबुंटूवर रिअलमडी, एसएसएसडी आणि एडीसीएलआय बसवून 'रिअल्म जॉइन' करा, आणि पॅम-ऑथ-अपडेटमध्ये होम फोल्डर आपोआप बनवण्याची खूण करा. ती राहिली तर लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा परत येतो. पीसीची नावं १५ अक्षरांच्या आत आणि वेगवेगळी असू द्या. यूजर, ग्रुप आणि पॉलिसी सांभाळायला एका विंडोज प्रोवर आरसॅट (मायक्रोसॉफ्टची सर्व्हर दुरून सांभाळायची साधनं) पुरतं.

ऑफिसच्या फाइली या सर्व्हरवर ठेवू नका, त्यांना वेगळं मशीन द्या. दुसरा कंट्रोलर जोडलात तर ध्यानात ठेवा की सांबा ग्रुप पॉलिसीच्या फाइली असलेला सिसव्हॉल फोल्डर आपण होऊन दुसरीकडे नेत नाही. फाइली जुळवणाऱ्या आरसिंकचं काम वेळापत्रकात लावावं लागतं. आणि बॅकअप 'सांबा-टूल डोमेन बॅकअप'नेच घ्या. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर त्या अर्धवट स्थितीत उचलल्या जातात, आणि हे रिस्टोअर करायच्या दिवशी कळतं.