क्षेत्र प्रकल्पासाठी विद्यापीठाकडे निधी कसा मागावा

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमाची रचना बदलली आणि क्षेत्र प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग व समुदाय सहभाग हे विषय विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेत आले. पदव्युत्तर पहिल्या वर्षात यासाठी चार श्रेयांक (क्रेडिट) ठेवलेले आहेत. एका श्रेयांकाला तीस तास या हिशेबाने ते १२० तासांचे प्रत्यक्ष काम होते. हे तास पूर्ण करायचे म्हणजे कुठेतरी जावे लागते, राहावे लागते, काही मोजावे लागते आणि त्या प्रत्येकाला पैसा लागतो. पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात मी अनेक वर्षे शिकवत आहे. विद्यार्थ्यांचे निधीचे प्रस्ताव लिहून घेण्याचे काम मी आधी केले आणि नंतर छाननी समितीत बसून इतरांचे प्रस्ताव वाचण्याचेही केले. या दोन्ही बाजूंनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मंजुरी मिळूनही पैसे हाती उशिरा आले, तर वर्गातली सर्वांत गरीब मुले त्या प्रकल्पातून आपोआप गळतात. म्हणून प्रस्ताव लिहिताना रक्कम किती हवी, याच्याइतकाच ती कधी आणि कोणाच्या हाती हवी, याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा.

प्रथम आपले महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, ते पाहावे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम १९८३ पासून अमरावती विद्यापीठाकडे आहेत, तर चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे. विद्यापीठ ठरले की विद्यार्थी विकास विभाग, राष्ट्रीय सेवा योजना, आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आणि नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ यांची चालू वर्षाची परिपत्रके मिळवावीत. मागच्या वर्षीचे परिपत्रक पाहून अर्ज भरू नये, कारण रकमेची मर्यादा, प्रपत्र आणि शेवटची तारीख दरवर्षी बदलू शकते. ही परिपत्रके महाविद्यालयाच्या आवक नोंदवहीत येतात आणि अनेकदा तिथेच राहतात. जुलैपासून दर आठवड्याला कार्यालयातील लिपिकाकडे नम्रपणे चौकशी करावी. अर्धी माहिती त्यांच्याकडेच असते. ज्यांचे काम संशोधनाच्या अंगाने जाणार आहे, त्यांनी राज्यातील सर्व विद्यापीठांसाठी होणाऱ्या आविष्कार संशोधन महोत्सवाची महाविद्यालय पातळीवरील तारीखही विचारून ठेवावी, म्हणजे त्याच कामाला पुढे आणखी एक व्यासपीठ मिळते.

यानंतरचा टप्पा विषयाचा आहे आणि प्रस्तावाचे भवितव्य बहुतेक वेळा इथेच ठरते. ‘ग्रामीण भागातील जलसंधारणाचा अभ्यास’ असे शीर्षक वाचून समितीला काहीच कळत नाही. कोणते गाव, कोणते पाणी, विद्यार्थी तिथे हाताने काय करणार, हे पहिल्या तीन ओळींत यायला हवे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव, म्हणजे एकेकाळी मालगुजारांच्या (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) मालकीचे तलाव आहेत; त्यांनाच थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने त्यांतले बरेचसे बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलावांची मालकी शासनाकडे आली. आज अनेक ‘मामा तलाव’ गाळाने उथळ झाले आहेत. आता हेच शीर्षक असे लिहून पाहावे : ‘आमच्या गावातील मामा तलावाची सध्याची खोली, गाळ आणि धानाला मिळणारे पाणी : दहा विद्यार्थ्यांनी सहा दिवसांत करावयाचे मोजमाप’. एवढ्या एका ओळीतून काम, जागा, माणसे आणि दिवस असे सगळे कळते, आणि अंदाजपत्रकाला आधारही मिळतो. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी गंधसापळ्यांच्या नोंदी ठेवता येतील. वरूड-मोर्शी भागात संत्र्याच्या बागांतील विहिरींची पाणीपातळी महिन्यामहिन्याला मोजता येईल. विषय आपल्या पायाखालचा असावा. तिथे जाण्याचा खर्च कमी असतो आणि प्रश्न विचारले गेले तर उत्तरे आधीच माहीत असतात.

मामा तलावाचेच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यात वेळापत्रकाची खरी अडचण दिसते. गाळ उघडा पडतो तो एप्रिल-मे महिन्यांत, पाणी आटल्यावर. निधीचे आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते आणि न खर्चलेली रक्कम परत जाते. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या घरी धानाची रोवणी असते आणि त्या दिवसांत मुलांना बोलावणे म्हणजे घरची मजुरी बुडवणे होय. त्यानंतर हिवाळी परीक्षा येतात. म्हणजे हातात राहतात ते डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने. अशा वेळी गाळ उघडा पडण्याची वाट न पाहता डोंग्यातून (लहान लाकडी नावेतून) बांबूने खोली मोजण्याची पद्धत निवडावी आणि ती का निवडली, हे प्रस्तावात दोन वाक्यांत स्पष्ट लिहावे. कापसाच्या पट्ट्यात वेचणीचे, गडचिरोलीत मोहफुलांचे आणि तेंदूपत्त्याचे दिवस याच पद्धतीने टाळावे लागतात. ज्या प्रस्तावात शेतीचा हंगाम, परीक्षा आणि मार्चअखेर या तिन्हींचा मेळ बसवलेला दिसतो, तो वाचताना समितीला खात्री वाटते की हे काम खरोखर होणार आहे.

परवानगीची पत्रे अर्जासोबतच जोडावीत. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की पाटबंधारे विभागाकडे, हे ग्रामपंचायतीत विचारून त्याप्रमाणे पत्र द्यावे. त्यातील मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते, म्हणून त्या संस्थेचीही संमती घ्यावी. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील जाणत्या माणसांना तलावातील वनस्पती, मासे आणि खोल जागा यांची जी माहिती असते, ती विद्यार्थ्यांना पुस्तकात मिळणार नाही. त्यांचे नाव त्यांच्या परवानगीने अहवालात घ्यावे आणि त्यांच्या वेळेचे मानधन अंदाजपत्रकात दाखवावे. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत काम असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. एका सत्राच्या प्रकल्पासाठी मी विद्यार्थ्यांना जंगलाच्या हद्दीबाहेरचे गाव निवडायला सांगतो.

आता अंदाजपत्रक. एकदा आमच्या एका गटाचा प्रस्ताव केवळ ‘संकीर्ण खर्च ५,००० रुपये’ या एका ओळीमुळे परत आला होता. ती ओळ मीच तपासून पुढे पाठवली होती, त्यामुळे दोष माझा होता, आणि दुरुस्ती करून पाठवेपर्यंत तारीख निघून गेली. तेव्हापासून मी प्रत्येक रकमेमागे गुणाकार लिहून घेतो. समजा, गटात सहा मुली आणि चार मुले आहेत आणि तालुक्यापासून गावापर्यंत एसटीचे जाऊन-येऊन भाडे ७० रुपये आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे भाडे आहे. म्हणून मुलांचे २८० आणि मुलींचे २१० मिळून दिवसाला ४९० आणि सहा दिवसांचे २,९४० रुपये होतात. ‘विद्यार्थ्यांकडे पास असतोच ना’ असा प्रश्न हमखास येतो. पास घर ते महाविद्यालय या मार्गाचा असतो, प्रकल्पाच्या गावाचा नसतो, हे तिथेच एका ओळीत लिहावे. जेवणाचे माणशी ६० रुपये धरले तर दहा जणांचे सहा दिवसांचे ३,६०० होतात. डोंगा तीन दिवस, रोजचे ४०० रुपये, म्हणजे १,२००. त्यापुढे मोजपट्टी, दोर, पाण्याचे नमुने घेण्याच्या बाटल्या आणि अहवालाच्या प्रतींची छपाई. हे आकडे उदाहरणादाखल आहेत; आपल्या गावचे खरे दर विचारून लिहावेत. जे उपकरण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे, ते विकत घेण्यासाठी पैसे मागू नयेत; उलट ‘हे आमच्याकडे उपलब्ध आहे’ अशी नोंद केली तर प्रस्तावाची विश्वासार्हता वाढते. एखादी वस्तू महाग असेल तर तीन दरपत्रके आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता जोडावा. गावातील सात दिवसांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर आणि आपला प्रकल्प एकत्र करता येतो, मात्र एकच खर्च दोन निधींत दाखवणे हा गंभीर दोष आहे. शिबिराच्या निधीतून जेवण होत असेल तर ते प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून काढून टाकावे.

याच टप्प्यावर तसलमातीचा, म्हणजे कामाआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेचा मुद्दा येतो आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी रीत अशी पडली आहे की, आधी खर्च करावा, पावत्या द्याव्यात आणि नंतर प्रतिपूर्ती घ्यावी. ज्याच्या घरी महिन्याच्या शेवटी किराणा उधारीवर येतो, त्या मुलाला सहा दिवसांचे भाडे खिशातून घालणे जमत नाही. अशी एक हुशार विद्यार्थिनी पहिल्या दोन दिवसांनंतर आलीच नाही. विचारल्यावर तिने आजारपणाचे कारण सांगितले आणि खरे कारण मला तिच्या मैत्रिणीकडून कळले. ते मला अजून टोचते. म्हणून प्रस्तावासोबतच तसलमातीसाठी वेगळा अर्ज द्यावा आणि त्यात प्रवास व जेवणाची रक्कम कामाच्या आधी लागणार असल्याचे कारणासह लिहावे. तसलमात शिक्षकाच्या नावावर निघते आणि आधीच्या तसलमातीचा हिशेब बाकी असेल तर नवी मिळत नाही. म्हणून मार्गदर्शक शिक्षक निवडतानाच त्यांच्या नावावर जुनी बाकी नाही, याची लेखा विभागात खात्री करून घ्यावी. हे विचारण्यात संकोच वाटतो, तरीही विचारावे. तसलमात नाकारली गेलीच, तर महाविद्यालयाच्या निधीतून तात्पुरती रक्कम देण्याची विनंती प्राचार्यांना लेखी करावी. ज्यांची मजुरी बुडते, त्यांच्यासाठी ‘कमवा व शिका’ योजनेत नकाशे काढणे किंवा नोंदी संगणकावर भरणे अशी कामे बसवता येतात का, तेही विचारावे.

पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात येणार असतील तर खात्याची तपासणी दोन महिने आधी करावी. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नवीन केवायसी मागते आणि दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते बँक निष्क्रिय ठरवते. आधार, टीसी आणि पासबुक यांवरील नावात एका अक्षराचा फरक असला तरी रक्कम परत जाऊ शकते. बँकेची शाखा पंधरा-वीस किलोमीटरवर असते आणि एका फेरीत काम होईलच असे नसते, हे गृहीत धरूनच दिवस ठरवावेत.

अर्ज सादर करताना प्राचार्यांच्या शिफारसपत्रासह तो जावक क्रमांकाने पाठवावा आणि विद्यापीठाची पोच आपल्या फाईलमध्ये ठेवावी. ऑनलाइन भरला असेल तर भरलेल्या अर्जाची प्रत छापून घ्यावी. तीन आठवड्यांत काही कळले नाही तर जावक क्रमांक आणि तारीख देऊन स्मरणपत्र पाठवावे. त्रुटी कळवली गेली तर तिचे उत्तर त्याच आठवड्यात जावे. अनेक चांगले प्रस्ताव त्रुटीच्या पत्राला उत्तर न गेल्यामुळे बंद झालेले मी पाहिले आहेत.

मंजुरी आल्यावर मंजुरीच्या पत्रातील लेखाशीर्ष (रक्कम कोणत्या खर्चासाठी आहे ते) आणि अटी सर्व गटाने एकत्र बसून वाचाव्यात. खर्च सुरू झाल्यावर दररोज संध्याकाळी पावत्या तारखेप्रमाणे कागदावर चिकटवाव्यात. एसटीची तिकिटे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांची त्याच दिवशी छायाप्रत काढावी. डोंग्याच्या किंवा जेवणाच्या खर्चाला छापील पावती मिळत नाही. तिथे साध्या कागदावर नाव, कामाचा दिवस, रक्कम आणि सही किंवा अंगठा घ्यावा, आणि रक्कम पाच हजारांपेक्षा जास्त असेल तर एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे. हजेरीपट रोज भरावा, कारण लेखापरीक्षक भाड्याची रक्कम हजेरीशी ताडून पाहतात.

हिशेब मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण करावा. त्यात खर्चाचा तक्ता, मूळ पावत्या, उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला), छायाचित्रे आणि अहवाल असावा. शिल्लक रक्कम परत केल्याची पावती त्यालाच जोडावी. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक मच्छीमार संस्थेला द्यावी, आणि तलावाच्या खोलीचा नकाशा १ मेच्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांनीच समजावून सांगावा. सगळ्या फाईलची एक छायाप्रत विभागात ठेवावी, म्हणजे पुढच्या जुलैमध्ये येणाऱ्या गटाला त्याच तलावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मोजणीसाठी निधी मागता येईल.