मित्रांसोबत ऑस्ट्रेलियात एक वर्ष: सॅक, कॉन्ट्री आणि शेतावरचं काम

ऑस्ट्रेलियात वर्षभर राहायचं, फिरायचं आणि खर्चापुरतं कामही करायचं, अशी सोय भारतीय तरुणांना 2024 पासून मिळाली आहे. दोन्ही देशांत 2022 साली झालेल्या व्यापार करारात वर्षाला 1000 जागा भारतासाठी ठेवल्या आहेत. व्हिसाचं नाव ‘वर्क अँड हॉलिडे’, क्रमांक 462. वय 18 ते 30. मी हे वर्ष जगून आलो. मित्र सोबत असतील तर कमी पैशांत ते चांगलं जगता येतं, पण पैशांचं बोलणं आधी झालं असेल तरच. म्हणून या लेखात व्हिसापेक्षा चुलीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी चिठ्ठी, मग बेत

जागा सोडतीने मिळतात. पहिली नोंदणी ऑक्टोबर 2024 मध्ये झाली, शुल्क होतं 25 ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे 40,000 अर्ज गेले. नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. सोडतीत नाव प्रत्येकाचं वेगळं असतं, ग्रुपचं नसतं. आम्ही पाच जणांनी नोंदणी केली आणि एकट्या माझंच नाव निघालं. त्यामुळे ‘सगळे गेलो तरच जायचं’ अशी शपथ कट्ट्यावर घेऊ नका. माझे तिथले घरसोबती होते मेलबर्नला आधीपासून शिकत असलेला शाळेतला मित्र आणि हॉस्टेलवर ओळख झालेले तैवानचे दोघं. वर्षअखेर तेही तितकेच जवळचे झाले.

नाव निघालं की अर्जासाठी मुदत थोडी असते. बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण झाल्याची कागदपत्रं, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि खात्यात साधारण 5,000 डॉलर, शिवाय परतीच्या तिकिटापुरते पैसे, हे सगळं सोडतीआधीच तयार ठेवा. डॉलर 55 ते 60 रुपये धरला तर ही रक्कम पावणेतीन-तीन लाखांच्या घरात जाते. ती कर्जाऊ आणून दाखवू नका. पहिले दोन महिने तुम्ही खरोखर त्याच पैशांवर जगणार असता.

सॅकेत काय भरायचं

तीन लिटरचा कुकर जरूर न्या. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पातेली असतात, कुकर नसतो, आणि डाळ-भातावर माणूस किती स्वस्तात जगतो हे तिथे कळतं. तिथलं सॉकेट तिरक्या पिनांचं असतं, म्हणून अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. आरोग्य विमा काढल्याशिवाय निघू नका. तिथली सरकारी आरोग्य योजना या व्हिसावर आलेल्या भारतीयांना लागू होत नाही.

खाण्याचं मात्र जपून. आईने दिलेले पेढे, ओला कढीपत्ता, पेरता येईल असं बी-बियाणं घरीच ठेवा. मेतकूट, मसाला, चटणी जे काही नेत असाल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहून जाहीर करा. जाहीर केलेला पदार्थ फार तर ते ठेवून घेतात. लपवलेला सापडला तर जागीच मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. आणि खरं सांगायचं तर मेलबर्नला डँडेनाँग आणि सिडनीला हॅरिस पार्क इथे पोहे, हिंग, गोडा मसाला सगळं मिळतं.

पहिला आठवडा

सिमकार्ड, बँक खातं आणि टीएफएन म्हणजे करदात्याचा क्रमांक. तो कर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. हॉटेलात दारू वाढण्याचं काम करायचं असेल तर आरएसए नावाचा छोटा कोर्स करावा लागतो, बांधकामावर जायचं असेल तर व्हाइट कार्ड, म्हणजे सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं कार्ड. आरएसए मात्र ज्या राज्यात काम करणार त्या राज्यात चालतं का ते पाहा.

घर आणि कॉन्ट्री

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

वर्षभराच्या भाडेकरारावर चौघांनी सह्या करायचा मोह होतो, कारण तसं घर माणशी स्वस्त पडतं. पण संयुक्त करारात एक जण शेतावर निघून गेला तरी त्याचा वाटा उरलेल्यांच्या डोक्यावर येतो. आठवड्याच्या भाड्याची खोली किंवा कुणी सहा-आठ आठवड्यांसाठी सोडलेलं घर तुमच्या वर्षाला जास्त मानवतं. अनामत बहुतेक ठिकाणी चार आठवड्यांच्या भाड्याएवढी असते आणि पूर्ण घर भाड्याने घेतलं तर ती राज्याच्या अनामत संस्थेकडे जमा व्हायला हवी. घरात शिरताच भिंती, शेगडी, गादी यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. निघताना हेच फोटो अनामत वाचवतात.

आता कॉन्ट्री. कॉलेजात टीटीएमएम चालतं, कारण प्रत्येक जण रात्री आपापल्या घरी जेवतो. एका चुलीवर वर्ष काढायचं तर ‘तुझं तू, माझं मी’ करून भागत नाही. दुधाच्या कॅनवर नाव लिहायची वेळ आली की मैत्रीचं दूध नासायला लागतं. आम्ही दर रविवारी प्रत्येकी ठरलेली रक्कम एका सामाईक खात्यात टाकायचो. त्यातून भाजीपाला, तांदूळ, साबण, गॅस. दारू, सिगारेट आणि बाहेरचं खाणं ज्याचं त्याने. हिशोब फोनमधल्या अ‍ॅपवर, आणि तोही त्याच दिवशी.

याशिवाय तीन गोष्टी आम्ही पहिल्याच रात्री कागदावर लिहिल्या. कुणाचं काम सुटलं तर तीन आठवडे त्याची कॉन्ट्री बाकीच्यांनी भरायची, नंतर त्याने फेडायची. घर सोडायचं तर दोन आठवडे आधी सांगायचं. उसने पैसे 200 डॉलरच्या वर द्यायचे नाहीत, कितीही जवळचा असो. मार्चमध्ये माझंच काम सुटलं आणि पहिल्या नियमाने मला तारलं. मागावं लागलं नाही, लाजावं लागलं नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

स्वस्त खाण्यासाठी आल्डीसारखं सुपरमार्केट आणि संध्याकाळी उतरत्या भावातली ब्रेड-भाजी. जाकीट, पांघरूण, तवा यांसाठी विनीज किंवा साल्व्होज यांची जुन्या वस्तूंची दुकानं. बहुतेक बागांमध्ये फुकट वापरायच्या विजेच्या शेगड्या असतात. त्यावर आम्ही कित्येकदा कांदे-बटाटे भाजून जेवलो.

काम: शहरात थोडं, शेतावर जास्त

या व्हिसावर एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ठरवलेल्या भागात तीन महिने ठरावीक प्रकारचं काम केलं तर दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. होकार देण्याआधी गावाचा पोस्टकोड आणि कामाचा प्रकार दोन्ही सरकारी यादीत तपासा. ‘हे धरतात’ असं मालक म्हणाला, एवढ्यावर विसंबू नका.

मी गेलो मिल्ड्युराला. व्हिक्टोरिया राज्याचा हा वायव्य कोपरा, मरी नदीच्या काठचा द्राक्षपट्टा. नाशिक किंवा तासगावकडचा कुणी असेल तर त्याला वेलींची रांग पाहून घरी आल्यासारखं वाटेल. तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, छाटणी थंडीत म्हणजे जून ते ऑगस्ट. आमच्या देशात जेव्हा पाऊस, तेव्हा तिथे बोटं गोठवणारी सकाळ. उत्तरेकडे डार्विन-कॅथरीन आणि क्वीन्सलंडमधलं बोवेन इथे आंबा असतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत. चिकाने कातडी भाजते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण तिथे पहिल्या दिवशी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात येणारे खूप दिसतात. पूर्ण बाह्या, हातमोजे.

मजुरीचं नीट वाचा. 1 जुलै 2025 पासून किमान वेतन ताशी 24.95 डॉलर होतं, आणि दर जुलैत ते बदलतं. कायम नोकरी नसलेल्यांना सहसा त्यावर 25 टक्के जास्त मिळतात. पेटीच्या हिशोबाने काम असलं तरी फळबागेत एप्रिल 2022 पासून ताशी किमान मजुरीची हमी आहे. मालक कर खात्याकडे नोंदणीकृत असेल तर पहिल्या डॉलरपासून 45,000 पर्यंत 15 टक्के कर कापला जातो. पगाराची पावती पगार झाल्यापासून एका कामाच्या दिवसात मिळायला हवी.

एका मुकादमाने मला नोकरीआधी ‘राहण्याची अनामत’ म्हणून 300 डॉलर मागितले. मी दिले आणि ते बुडाले. काम मिळवण्यासाठी पैसे देऊ नका, पासपोर्ट कुणाच्या हाती ठेवू नका, रोखीत पावतीशिवाय मजुरी घेऊ नका, कारण पावतीविना दुसऱ्या व्हिसासाठीचे दिवस सिद्ध करता येत नाहीत. रोजचे तास आणि पेट्या वहीत लिहा. फसवणूक झाली तर फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार करता येते, आणि त्यांची माहिती अनेक भाषांत मिळते.

गाडी एकत्र घ्यायची असेल तर

जुनी व्हॅन चौघांत घेतली की हॉस्टेलचं भाडं वाचतं. पण नोंदणी एकाच्या नावावर करा आणि बाकीच्यांचे वाटे कागदावर लिहा. सक्तीचा विमा माणसांच्या इजेपुरता असतो. समोरच्या गाडीचं नुकसान भरायला वेगळा थर्ड पार्टी प्रॉपर्टी विमा लागतो. तो टाळणं ही सगळ्यात महागडी काटकसर. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, पण गावाबाहेर पहाटे आणि सांजवेळी गाडी चालवू नका, तेव्हा कांगारू रस्त्यावर येतात.

निघताना

आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं, विवरणपत्र 31 ऑक्टोबरपर्यंत भरा. मालकाने तुमच्या नावे भरलेली निवृत्तीची रक्कम देश सोडल्यावर मागता येते, पण या व्हिसावर तिच्यातून 65 टक्के कर जातो, म्हणून परतीच्या खर्चात ती धरू नका. व्हॅन निदान महिनाभर आधी विकायला काढा. शेवटच्या रविवारी सामाईक खातं शून्यावर आणा, आणि कुकर पुढे राहणाऱ्याला देऊन टाका.