स्पेक्युलासचे पीठ लाकडी साच्याला चिकटू नये म्हणून

नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या सिंटरक्लास या सणासाठी घरातला पवनचक्कीच्या नक्षीचा जुना लाकडी साचा काढून मुलांसोबत स्पेक्युलास ही मसालेदार बिस्किटे करायला घेतली, की पीठ साच्यात चिकटते आणि पवनचक्कीचे एखादे पाते आतच राहून जाते. यावर उत्तम उपाय तांदळाच्या पिठीचा आहे, कारण ती गव्हाच्या पिठासारखी ओली होऊन चिकट बनत नाही.

१. दालचिनी, लवंग, जायफळ घालून मळलेले पीठ झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे.
२. साच्यावर पिठी भुरभुरावी, कोरड्या ब्रशने ती कोपऱ्याकोपऱ्यांत पोहोचवावी आणि साचा उलटा करून जास्तीची झटकून टाकावी; हे काम मुलांकडेच द्यावे, ती ते मन लावून करतात.
३. थंड पीठ अंगठ्याने घट्ट दाबून भरावे, वरचे जास्तीचे पीठ पातळ सुरीने मोठ्यांनी कापावे आणि साच्याची कड ओट्यावर आपटून बिस्कीट सोडवावे.

बेकिंग पावडर बेताचीच घालावी, नाहीतर बिस्कीट फुगून नक्षी पुसट होते. साचा मात्र पाण्यात भिजवू नये, कारण लाकूड फुगून तडकते. कोरड्या ब्रशने झाडून तो ठेवून द्यावा.